मूळ लपवून गेलेला पूर्वज : शोध कुठून धरायचा?

दप्तरदार

लग्नाची नोंद मिळते, मुलांचे जन्म मिळतात, थडग्यावरचं नावही वाचता येतं. पण लग्नाच्या मागे जाऊ लागलं की माणूस नाहीसा. सांगितलेल्या गावात जन्म नाही, आईबाप नाहीत, त्या आडनावाचं दुसरं घरही नाही. मग एक तर कागद जळाले-हरवले असतात, नाही तर त्या माणसाने मुद्दाम माग पुसलेला असतो. हा धागा माग पुसणाऱ्यांसाठी.

माझं म्हणणं एवढंच, की खोटी माहिती बाजूला टाकू नका, तिलाच धरून बसा. मूळ लपवणारा सगळं बदलत नाही. सगळं बदललं तर आयुष्यभर लक्षात ठेवणं जड जातं. बदलतं ते बहुधा आडनाव, गाव आणि बाप. जन्मतारीख, पहिलं नाव, हातातलं कसब, सहीचं वळण यांतलं काहीतरी जुनं तसंच राहून जातं.

'ग्रे आउल' या नावाने गाजलेला कॅनडातला लेखक घ्या. आपण मेक्सिकोत जन्मलो, आई अपाची, असं तो सांगायचा. प्रत्यक्षात तो आर्चिबाल्ड बेलेनी, जन्म इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा, १८ सप्टेंबर १८८८. १९१५ साली कॅनडाच्या सैन्यात भरती होताना त्याने जन्मगाव माँट्रियल लिहिलं आणि जवळच्या नातेवाइकाची जागा रिकामी सोडली. तारीख मात्र खरी, १८ सप्टेंबर १८८८! गाव खोटं, तारीख खरी. अशी जोडी पुन्हापुन्हा दिसते.

म्हणून पहिलं काम तक्ता मांडायचं. प्रत्येक कागदाला एक ओळ. रकाने असे: कागदाची तारीख, माहिती कुणी दिली, वय, त्यावरून निघणारं जन्मवर्ष, जन्मगाव, बापाचं नाव, बापाचा धंदा, स्वतःचा धंदा, धर्म, सही की अंगठा, साक्षीदार. 'माहिती कुणी दिली' हा रकाना विसरू नका. मृत्यूच्या नोंदीतलं जन्मगाव जावयाने सांगितलेलं असतं, म्हणजे पूर्वजाने घरात जे पसरवलं तेच तिथे उतरतं. लग्न, सैन्यभरती, नागरिकत्वाचा अर्ज या ठिकाणी तो स्वतः बोललेला असतो. त्या ओळींना वेगळा रंग द्या.

तक्ता भरला की उभं वाचा. कुठला रकाना कागदागणिक हलतो आणि कुठला जागचा हलत नाही ते दिसेल. न हलणारा रकाना म्हणजे शोधाची दोरी.

वंशवेल

धागा वर ठेवण्यासारखा आहे. वयाच्या रकान्याबद्दल एक सावधगिरी. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची सूचना होती. ३९ चा माणूस ३५ दिसतो. तो खोटं बोललेला नसतो, मोजणाऱ्याने नियम पाळलेला असतो. त्यामुळे हलणारं प्रत्येक वय लबाडीचं धरू नका.

खरी लबाडी ओळखायची खूण वेगळी. वय सगळीकडे सारख्याच अंतराने चुकलेलं असेल, म्हणजे कायम चार वर्षं कमी, तर ते ठरवून केलेलं आहे. कधी दोन कमी, कधी तीन जास्त असेल, तर त्याला स्वतःलाच नक्की माहीत नव्हतं, आणि असा माणूस बरेचदा अनाथालयात किंवा दुसऱ्याच्या घरी वाढलेला असतो. दोन्हीकडे शोध वेगळ्या कागदांत जातो.

कोनाडा

लग्नाच्या नोंदीतल्या 'बाप' या रकान्यावर सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त बनावट तिथे होते.

इंग्लंड-वेल्समध्ये नागरी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली आणि लग्नाच्या दाखल्यात वर-वधूच्या बापाचं नाव नि धंदा यायला लागला. अनौरस मुलाची इथे कोंडी होते. रकाना रिकामा ठेवला तर मंडपातच बोभाटा. मग तो तीनपैकी एक वाट धरतो.

एक, बाप काल्पनिक: आडनाव स्वतःचं, पहिलंही नाव बहुधा स्वतःचंच, धंदा एक पायरी वरचा, आणि पुढे 'मयत'. मयत लिहिलं की कुणी बोलवायला सांगत नाही. दोन, आईच्या बापाला स्वतःचा बाप म्हणून लावणं. हे फार आढळतं आणि फार उपयोगी आहे, कारण नाव आणि धंदा खरा असतो, फक्त पिढी चुकलेली असते. तो 'बाप' वराच्या जन्मावेळी ५५-६० वर्षांचा निघाला तर त्याच्या मुलींची यादी काढा, त्यांतली एक वराची आई असू शकते. तीन, सावत्र बापाचं नाव. इथे आडनावही त्याचंच घेतलेलं असतं, म्हणून जन्म सापडत नाही. मग आईचं लग्न शोधायचं, मुलाचा जन्म नव्हे.

इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत आता १८३७ पासूनच्या जन्मांना आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे. अनौरस जन्माला तो रकाना रिकामा असतो. म्हणजे पहिलं नाव, वर्षाच्या आगेमागे दोन वर्षं, जिल्हा आणि रिकामा रकाना, एवढ्यावर उमेदवारांची यादी तयार होते. आणखी एक, १८७५ पासून अविवाहित बाप स्वतः येऊन सही करणार असेल तरच त्याचं नाव दाखल्यात चढायचं. त्यामुळे बापाच्या रकान्यातली रेघ म्हणजे आईला नाव माहीत नव्हतं असं मुळीच नाही.

पिंपळपान

एक शंका. नाव बदलल्याचा सरकारी कागद शोधायचा का? गॅझेट, प्रतिज्ञापत्र वगैरे?

दप्तरदार

@पिंपळपान, जिथे तो कागद सक्तीचा होता तिथे जरूर शोधा. पण इंग्लंडमध्ये आणि तिथल्या कायद्यावर चाललेल्या बहुतेक देशांत नाव बदलायला कागद लागतच नव्हता. फसवणुकीचा हेतू नसेल तर दुसरं नाव वापरायला लागायचं, की ते तुमचं. कागद नोंदवणं ऐच्छिक, आणि लपवणारा कशाला नोंदवतो? 'नाव बदलल्याची नोंद नाही, म्हणजे नाव बदललं नाही' हा निष्कर्ष काढू नका.

त्यापेक्षा नवं नाव आलं कुठून ते विचारा. हवेतून नाव फार थोडे घेतात. जेम्स बॅरी या ब्रिटिश सैन्यातल्या नामांकित शल्यविशारदाचं उदाहरण बघा. जन्म आयर्लंडमधल्या कॉर्कचा, मार्गारेट अ‍ॅन बल्कली या नावाने. 'जेम्स बॅरी' हे नाव आईच्या भावाचं, तो चित्रकार होता. मधलं 'मिरांडा' घराण्याचे स्नेही जनरल मिरांडा यांच्यावरून. नव्या नावाचे दोन्ही तुकडे जुन्या घरातले! अभिनेत्री मर्ल ओबेरॉनने जन्म टास्मानियाचा सांगितला, होता मुंबईचा, १९११ चा. पण 'ओबेरॉन' हे तिच्या मूळ नावातल्या 'ओब्रायन'चंच वळवलेलं रूप.

म्हणून नव्या आडनावाची झडती या क्रमाने घ्या: आईचं माहेर, आजीचं माहेर, सावत्र बाप, मालक किंवा ज्याच्या हाताखाली काम शिकला तो, जन्मगावचं किंवा शेजारच्या गावाचं नाव, जुन्या आडनावाचं भाषांतर, मग उच्चाराशी जुळणारं. आद्याक्षरं तीच ठेवण्याकडेही कल दिसतो. कपड्यांवर, पेटीवर कोरलेली अक्षरं बदलता येत नाहीत, हे त्याचं साधं कारण असावं.

शिलालेख

बॅरीच्या प्रकरणातला निर्णायक पुरावा कुठे मिळाला ते सांगायलाच हवं. पत्राच्या आत सही 'जेम्स बॅरी'. पण कुटुंबाच्या वकिलाला आलेली पत्रं दुमडून, बाहेरच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव नि तारीख टिपून ठेवायची सवय होती. त्या पत्राच्या पाठीवर त्याने लिहिलंय 'मिस बल्कली, १४ डिसेंबर'. साल १८०९. पुढे हस्ताक्षरतज्ज्ञाने बल्कली आणि बॅरी या दोन्ही नावांच्या पत्रांतलं अक्षर एकच असल्याचं सांगितलं. कागदाची पाठ, पाकीट, घडीच्या आतली बाजू, सगळ्याचं स्कॅन मागा. दप्तरखान्यातून प्रत मागवताना 'दोन्ही बाजू, कोऱ्या दिसत असल्या तरी' असं स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर कोरी म्हणून मागची बाजू वगळतात.

फोटोंचंही तसंच. जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या छोट्या छायाचित्राचा पुठ्ठा साधारण ६४ गुणिले १०० मिलिमीटर, मोठ्या 'कॅबिनेट' प्रकाराचा १०८ गुणिले १६५. मागे स्टुडिओचा पत्ता छापलेला असतो. त्या शहराच्या छापील डिरेक्टऱ्या वर्षवार लावून बघा. स्टुडिओ त्या पत्त्यावर किती वर्षं होता ते कळतं आणि फोटोचा काळ तीन-चार वर्षांवर येतो. अमेरिकेतल्या फोटोमागे महसुली तिकीट असेल तर काळ त्याहून नेमका: १८६४ च्या उत्तरार्धापासून १ ऑगस्ट १८६६ पर्यंत, कारण कर तेवढाच काळ होता. 'आलो तेव्हा एकटाच होतो' म्हणणाऱ्याच्या पेटीत दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओचा, त्याच्या येण्याआधीचा फोटो निघाला, तर ते शहर तक्त्यात घाला.

पुठ्ठ्यावरची पुसलेली पेन्सिल दिसत नसेल तर खोली अंधारी करून बॅटरी जवळजवळ आडवी धरा. ग्रॅफाइट गेलं तरी दाबाची खोबण राहते, तिची एक कड उजळते नि दुसरी काळवंडते. बॅटरी चारही दिशांनी फिरवून प्रत्येक वेळी फोटो काढा. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, छापाचा वरचा थर पुठ्ठ्यावर राहतो आणि दोन्ही जातात.

आणि घरातल्या धर्मग्रंथाच्या कोऱ्या पानावर जन्म-मृत्यू लिहिले असतील तर आधी ग्रंथाचं छपाईवर्ष बघा. पुस्तक १८८० चं आणि पहिली नोंद १८५२ ची असेल, शाई नि अक्षर सगळीकडे एकच असेल, तर ती पूर्ण यादी एका बैठकीत, आठवणीतून किंवा ठरवून लिहिलेली आहे.

उत्तररात्र

सगळे 'काय बदललं' यावर बोलताय, 'का बदललं' यावरही यायला हवं. कारण कळलं की कागद कळतो.

सैन्यातून पळालेला: ब्रिटनमध्ये 'पोलिस गॅझेट'मध्ये पळालेल्या शिपायांच्या याद्या छापून यायच्या. नाव, वय, उंची, केसांचा रंग, जन्मगाव, मूळ धंदा, कुठून कधी पळाला. तुमच्या माणसाची उंची आणि धंदा नंतरच्या कुठल्याही कागदात असेल तर तो नव्या ठिकाणी उगवल्याच्या आधीच्या दीड-दोन वर्षांच्या याद्या चाळायच्या. नावाने नको, उंची-धंदा-जन्मगावाने.

पहिली बायको टाकून आलेला: दुसऱ्या लग्नात तो 'विधुर' लिहितो की 'अविवाहित' ते बघा. विधुर लिहिलं तर पहिलीचा मृत्यू शोधा. सापडत नसेल, तर ती जिवंत होती असं धरून तिला जनगणनेत शोधा. तिने स्वतःपुढे 'विधवा' लिहिलेलं असतं, तेही नवरा हयात असताना. इंग्लंडच्या १८६१ च्या कायद्यात जोडीदार सलग सात वर्षं बेपत्ता असेल आणि तो हयात असल्याचं माहीत नसेल, तर दुसऱ्या लग्नासाठी द्विभार्येचा गुन्हा लागत नव्हता. त्यामुळे पहिल्या घरातून नाहीसा झाल्याचं साल आणि दुसऱ्या लग्नाचं साल यांत सातापेक्षा थोडंसं जास्त अंतर दिसलं, तर ती जोडी तपासायलाच हवी.

कर्ज, तुरुंग, गरीबखाना, वंश किंवा धर्म लपवणं, प्रत्येकाचं दप्तर वेगळं. दिवाळखोरीच्या जाहिराती वर्तमानपत्रात, कैद्यांचं वर्णन तुरुंगाच्या वहीत गोंदणासकट, गरीबखान्याच्या वहीत आत-बाहेर गेल्याच्या तारखा.

वंशवेल

अमेरिकेत गेलेल्यांसाठी भर. 'एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं ठाणं) कारकुनाने आडनाव बदललं' ही कथा घराघरात ऐकू येते. ती सोडून द्या. प्रवाशांच्या याद्या निघायच्या बंदरात जहाज कंपनी बनवायची, आयलंडवरचा कारकून तीच यादी समोर धरून प्रश्न विचारायचा. नाव बदललं ते प्रवाशानेच, बहुधा नंतर.

उपयोगाचे कागद दोन. सप्टेंबर १९०६ नंतरचे नागरिकत्वाचे अर्ज: जन्मतारीख, जन्मगाव, जहाज, आल्याची तारीख. सरकार ते जहाजाच्या यादीशी ताडून बघायचं, म्हणून खोटं नाव वापरणाऱ्यालाही इथे जहाजावरचं जुनं नाव सांगावं लागायचं, आणि ते कित्येकदा अर्जात उतरलेलं असतं. त्याआधीचे अर्ज कुठल्याही न्यायालयात होत आणि त्यांत फारसं काही नसतं. दुसरा, १९३६ पासूनचा सोशल सिक्युरिटीचा (सरकारी निवृत्तिवेतन योजनेचा) मूळ अर्ज, एसएस-५. त्यात आईचं माहेरचं पूर्ण नाव विचारलंय. पोटापाण्याशी संबंध असल्यामुळे तिथे माणसं खरं लिहितात.

१८९० च्या जनगणनेत शोधत बसू नका, १९२१ च्या आगीत ती जवळजवळ सगळी गेली.

पिंपळपान

गिरमिटियांचे, म्हणजे करारावर परदेशी मळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांचे, वंशजही याच अडचणीत असतात ना? तिथेही नाव-जात बदलल्याचं वाचलंय.

कोनाडा

हो. तिथे उत्प्रवास-पास, म्हणजे देशाबाहेर जाण्याचा परवाना, हा मूळ कागद: नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, ठाणं, जिल्हा, आणि बरेचदा अंगावरची खूण. फिजीला १८७९ ते १९१६ या काळात ६०,००० हून जास्त माणसं गेली, प्रत्येकाचा पास होता. मॉरिशसचं दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहे.

डेपोत भरती होताना जात बदलून सांगणं किंवा टोपणनावच नाव म्हणून देणं होत होतं, बाप मात्र बरेचदा खरा सांगितलेला. अडचण लेखनाची. गावाचं नाव कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं. ते वाचण्याऐवजी मोठ्याने उच्चारा, मग त्या ठाण्याच्या हद्दीतली गावं नकाशात बघा. ठाणं आणि जिल्हा सहसा बरोबर असतात, गाव दोन-तीन पर्यायांवर येतं. एकाच डेपोतून, सलग क्रमांकांचे पास असलेली माणसंही वाचा. एका गावाहून निघालेली माणसं पासांच्या क्रमातही शेजारी-शेजारी सापडतात.

दप्तरदार

@कोनाडा, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. अमेरिकन संशोधक एलिझाबेथ शोन मिल्स यांनी याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'फॅन' म्हटलंय: मित्र, सहकारी, शेजारी. माणूस स्वतःचं नाव बदलतो, पण लग्नाला साक्षीदार म्हणून उभा राहिलेल्याने त्याचं नाव बदललेलं नसतं. साक्षीदार, मुलांचे धर्मपिता, जामीन राहिलेले, भाडेकरू म्हणून त्याच छपराखाली राहिलेले, थडग्याची जागा विकत घेणारा, प्रत्येकाचं मूळ गाव काढा. तीन जण एकाच भागातून आलेले निघाले, तर तुमचा माणूस बहुधा तिथलाच. मग त्या भागात नावाने शोधू नका. पहिलं नाव, जन्मतारीख आणि धंदा घेऊन शोधा.

आडनावाच्या उच्चारावरून शोधणारी साउंडेक्ससारखी पद्धत इथे चालत नाही. तिचा संकेत पहिलं अक्षर अधिक तीन आकडे. जॉन रोलँड्स हा माणूस पुढे हेन्री स्टॅनली झाला; रोलँड्सचा आर४५३, स्टॅनलीचा एस३५४. दोघं एकच माणूस असले तरी यंत्राला कधीच कळणार नाही. साधं स्पेलिंग बदललं तरी पहिलं अक्षर हललं की घात: के ने लिहिलेला नाइट के५२३, एन ने लिहिलेला एन२३०.

गुणसूत्र

कागद थांबले की डीएनए, पण क्रम आणि आकडे नीट समजून.

पूर्वज पणजोबा असेल तर तुमच्यात त्याचा वाटा सरासरी १२.५ टक्के, तुमच्या वडिलांच्या पिढीत २५. म्हणून चाचणी हयात असलेल्यांपैकी सर्वांत वरच्या पिढीची आधी करा. दोन वेगवेगळ्या मुलांच्या शाखांतून एकेक माणूस घ्या. आणि जमलं तर पणजीच्या माहेरचाही एक. जो मॅच (म्हणजे ज्याचा डीएनए जुळतो तो माणूस) पणजोबांच्या दोन्ही शाखांना लागतो आणि पणजीच्या माहेरच्याला लागत नाही, तो त्या अज्ञात घराकडचा असण्याची शक्यता मोठी. ही वजाबाकी आहे, सिद्धता नव्हे, कारण एखादा तुकडा वारशात न येणं नेहमीचं.

सरासरी आकडे, सेंटिमॉर्गनमध्ये (जुळणाऱ्या डीएनएचं माप): सख्खं चुलत-मावस भावंड ८६६, दुसऱ्या फळीतलं (ज्याचे पणजोबा-पणजी तुमचेच) २२९, तिसऱ्या फळीतलं ७३. तिसऱ्या फळीतली साधारण दहातली एक जोडी काहीच जुळवत नाही, चौथ्या फळीत जवळपास निम्म्या. त्यामुळे 'मॅच नाही' यावरून तिथे काही ठरत नाही. दुसऱ्या फळीत मॅच नसेल तर मात्र नातंच तपासा. दोन बायकांच्या वेगवेगळ्या मुलांचे वंशज असतील तर आकडा साधारण निम्मा. २२९ च्या जागी ११० च्या आसपासचे बरेच जण एकाच अनोळखी कुटुंबातून येऊ लागले तर @उत्तररात्र म्हणतात ती पहिली बायको आठवा.

मॅचची वर्गवारी करायला लीड्स पद्धत सोपी. ९० ते ४०० सेंटिमॉर्गनच्या मॅचची यादी करा. वरच्या पहिल्याला एक रंग द्या, त्याच्याशी जुळणाऱ्या सगळ्यांना तोच. मग यादीतल्या पहिल्या बिनरंगी माणसाला नवा रंग. आदर्श स्थितीत चार रंग, चार आजी-आजोबा. ओळखीच्या शाखांची नावं रंगांना लावली की उरतो तो बेवारस रंग. त्या रंगातल्या लोकांच्या वंशावळी तुम्हीच बांधा, त्यांनी टाकलेल्या उतरवू नका, आणि सगळ्यांत समान असलेलं जोडपं शोधा. मग त्या जोडप्याचे मुलगे खाली उतरवत या. ज्याचा कागद तुमच्या माणसाच्या पहिल्या कागदाआधी तुटतो, तो उमेदवार.

सरळ पुरुषवंशातला पुरुष हयात असेल तर वाय-डीएनए (बापाकडून मुलाकडे जाणारा) चाचणी, निदान ३७ मार्कर, म्हणजे तपासण्याच्या जागा. जवळचे मॅच एकाच परक्या आडनावाचे आले तर ते खरं आडनाव असू शकतं.

फसगत होते ती अंतर्विवाही, म्हणजे आपसातच लग्नं करणाऱ्या, समाजात. तिथे माणसं चार-पाच वाटांनी नातेवाईक असतात, छोटे छोटे तुकडे साठून आकडा फुगतो. पाचव्या फळीतला दुसऱ्या फळीसारखा दिसतो. एकूण आकडा सोडा, सर्वांत लांब तुकडा बघा. एकूण ९० आणि लांबातला लांब तुकडा ११ असेल तर नातं दूरचं आहे.

शिलालेख

उमेदवार मिळाल्यावर घाई होते, म्हणून शेवटचं. 'जुळतंय' यावर थांबू नका, मोडायचा प्रयत्न करा. जुन्या नावाच्या माणसाचा मृत्यू, लग्न, जनगणना, यांतलं काहीही तुमचा माणूस नव्या नावाने वावरत असतानाच्या काळात सापडलं, तर उमेदवार बाद. किती जवळचा वाटला तरी बाद.

हेन्री मॉर्टन स्टॅनली हे याचं चांगलं उदाहरण. जन्म वेल्समधल्या डेन्बीचा, १८४१, जॉन रोलँड्स या नावाने, अनौरस, वाढला सेंट असाफच्या गरीबखान्यात. पुढे अमेरिकेत जन्मल्याचं सांगत राहिला. आत्मचरित्रात त्याने लिहिलं, की न्यू ऑर्लिन्समधल्या हेन्री होप स्टॅनली या व्यापाऱ्याने आपल्याला दत्तक घेतलं आणि तो १८६१ मध्ये वारला. तो व्यापारी खरोखर होता, पण वारला १८७८ मध्ये. एका मृत्युनोंदीने दत्तकाची कथा खिळखिळी केली. नाव त्याच्यावरून आलं असेलही, पण नातं ठरलं नाही. या दोन गोष्टी टिपणात वेगळ्या ओळींवर लिहा.

जे सापडलं नाही तेही लिहून ठेवा: कुठली वही, कुठली वर्षं, कोणती स्पेलिंगं, शेजारचे किती परगणे. 'सांगितलेल्या गावात जन्म नाही' या वाक्याला किंमत येते ती जन्मवर्षाच्या दोन्ही बाजूंनी पाच वर्षं आणि लगतचे सगळे परगणे पाहिल्यावर.

पिंपळपान

तक्ता मांडायला घेतला. 'माहिती कुणी दिली' रकान्यात शाळेच्या नोंदींसाठी काय लिहायचं? मुलाला शाळेत घालताना बाप आला की आई, हे वहीत नाहीये.

दप्तरदार

'अज्ञात, घरातलं मोठं माणूस' असं लिहा आणि रंग देऊ नका. त्याच मुलाच्या भावंडांच्या नोंदी त्याच शाळेत असतील तर शेजारी ठेवा. बापाचं जन्मगाव दोन मुलांच्या नोंदीत वेगळं आलं असेल, तर बहुधा एकदा आई आलेली आहे. तिला नवऱ्याने काय सांगितलं होतं, ते त्या ओळीत दिसेल.